शंका विचारायची कोणाला?

मागच्या वर्षी एका सकाळी मी कढीचं पातेलं परत द्यायला शेजारच्या नानांकडे गेले. नाना सत्तरीच्या पुढचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, एकटेच राहतात. दार उघडायला बराच वेळ लागला, आणि उघडलं तेही हातभरच. एका हातात मोबाइल अंगापासून लांब धरलेला, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. अंगात आदल्या दिवशीचाच सदरा. मी खुणेनं विचारलं, काय झालं? त्यांनी टेबलावरचं विजेचं बिल उचललं आणि पाठकोऱ्या बाजूवर थरथरत्या हातानं लिहिलं, ‘पोलीस. बोलू नकोस.’ टेबलावर मुदतठेवीच्या पावत्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. बँक उघडायला तासभर होता.

‘डिजिटल अरेस्ट’बद्दल वर्तमानपत्रांतून वाचलेलं होतं, म्हणून मला धीर झाला. मी फोन त्यांच्या हातातून घेतला आणि बंद केला. मग हळूहळू सगळं कळलं. जवळजवळ वीस तास ते त्या व्हिडिओ कॉलवर होते. पडद्यावर गणवेशातला माणूस, त्याच्या मागे भिंतीवर राजमुद्रा, नानांच्या नावाचं आणि आधार क्रमांकाचं शिक्क्यासकट पत्र, रात्री उशिरा काळ्या कोटातला एक ‘न्यायाधीश’सुद्धा. नाना भोळे नाहीत. आयुष्यभर त्यांनी फाइली तपासल्यात. त्यांना मधूनमधून शंका येत होतीच, पण प्रत्येक शंकेचं उत्तर त्याच पडद्यातून मिळत होतं. पत्र खरं कशावरून? तर या क्रमांकावर विचारून घ्या. आणि तो क्रमांक पत्रावरच छापलेला. पहिली अट अशी होती की घरच्यांना, शेजाऱ्यांना, कोणालाही एक शब्द सांगायचा नाही. सांगितलंत तर त्यांनाही गुन्ह्यात धरू.

चहाचा कप रिकामा झाल्यावर नाना म्हणाले, “मला शंका आली होती गं. पण विचारायची कोणाला?”

मी तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवते. दर वर्षी वर्गात देकार्त हा सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ येतो, दर वर्षी त्याचा कपटी सैतान येतो, आणि दर वर्षी मी तो एक कल्पनेचा खेळ म्हणून समजावून सांगत आले. नानांच्या त्या वाक्यानंतर मला तो धडा तसा शिकवता येत नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न मला आज आपल्या सार्वजनिक आयुष्यातला फार मोठा प्रश्न वाटतो. शंका घ्या, असं सगळेच सांगतात. शंका घेऊन जायचं कुठे, हे फारसं कोणी सांगत नाही. त्यासाठी देकार्तकडेच परत जावं लागतं, पण ज्या अर्ध्या देकार्तला आपण ओळखतो त्याच्याकडे नाही.

ओळखीचा अर्धा असा. रने देकार्त १५९६ साली फ्रान्समध्ये जन्मला. ला फ्लेश इथल्या जेझुइटांच्या नावाजलेल्या विद्यालयात शिकला, आणि शिकून बाहेर पडल्यावर त्याला जाणवलं की गणित सोडलं तर आपल्याला शिकवलेल्या कुठल्याच गोष्टीवर विद्वानांचं एकमत नाही. सैन्याबरोबर जर्मनीत असताना, १६१९ च्या हिवाळ्यात, शेगडीनं ऊबदार केलेल्या एका खोलीत तो एकटाच विचार करत बसला, आणि सगळं ज्ञान पायापासून नव्यानं उभारायचं असं त्यानं ठरवलं. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. मात्र एवढ्या मोठ्या कामाला आपण अजून पिकलेलो नाही असं मानून तो थांबला. ज्या पुस्तकात ती शंका पुरी वाढली, ते ‘चिंतने’ १६४१ साली पॅरिसला लॅटिनमध्ये छापलं गेलं. मधे वीसहून अधिक वर्षं गेली होती.

त्या पुस्तकातली शंका पायरीपायरीनं खाली उतरते. इंद्रियं कधी कधी फसवतात, तेव्हा त्यांच्यावर पुरता भरवसा नको. पण मी शेकोटीजवळ बसलोय, अंगात घरचा झगा आहे, हातात कागद आहे, हे तरी खरं ना? तर स्वप्नातही मी असाच बसलेला असतो आणि प्रत्यक्षात अंथरुणात असतो. बरं, स्वप्नातसुद्धा दोन आणि तीन पाचच होतात. इथे तो शेवटची पायरी उतरतो. समजा, एक अत्यंत सामर्थ्यवान आणि कपटी सैतान आपली सगळी ताकद मला फसवण्यात खर्च करतोय. आकाश, जमीन, रंग, आवाज, माझे स्वतःचे हातसुद्धा त्यानं रचलेला देखावा आहेत. मग उरलं काय? एवढंच की फसवला जाणारा मी तर आहे. त्यानं हवं तितकं फसवावं, मी काहीतरी आहे असा विचार माझ्या मनात चालू असेतोवर मी नाही, असं तो करू शकणार नाही.

आपल्याकडे संशयाला चांगलं नाव नाही. ‘संशयात्मा विनश्यति’ लहानपणी कानावर पडतं, आणि संशयी माणसाला आपण संशयपिशाच्चानं पछाडलंय म्हणतो. मराठीत संशय हेच पिशाच्च आहे. देकार्तनं नेमकं उलट केलं. त्यानं पिशाच्च स्वतःहून बोलावलं, त्याला समोर बसवलं, आणि ते काय काय करू शकतं याची पुरती मोजदाद केली. हे बोलावणं आणि पछाडलं जाणं यांतला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आज चारचौघांत जी शंका ऐकू येते ती बहुतेक वेळा पछाडल्याची असते.

वर्गातला एक मुलगा मला म्हणाला होता, “मॅडम, मी कशावरच विश्वास ठेवत नाही. पेपर विकलेले, डॉक्टर विकलेले, निकाल आधीच ठरलेले. देकार्त तरी वेगळं काय सांगतो?” त्या मुलाच्या बोलण्यातली चीड खोटी नव्हती. त्याच्या घरात जे घडलं होतं ते मला माहीत होतं. तरी मी त्याला सांगितलं की देकार्त जवळजवळ याच्या उलट सांगतो. तुझ्या यादीतली सगळी मतं दुसऱ्यांची आहेत. देकार्तच्या यादीत एकही दुसऱ्याचं मत नाही. मी लहानपणापासून खरं म्हणून जे जे स्वीकारत आलो, असं म्हणून तो सुरुवात करतो, आणि नांगर फिरवतो तो स्वतःच्याच शेतावर. नंतरच्या एका वादात तो सफरचंदांच्या टोपलीचा दाखला देतो. टोपलीतली काही फळं सडली असतील अशी भीती असेल तर आधी टोपली रिकामी करावी, एकेक फळ हातात घेऊन बघावं, आणि चांगली तेवढी परत ठेवावी. टोपली आपलीच असते. आणि परत भरायची असते.

या परत भरण्याबद्दल तो फार स्पष्ट आहे. ‘चिंतने’च्या चार वर्षं आधी, १६३७ मध्ये, त्यानं आपल्या पद्धतीबद्दल फ्रेंचमध्ये एक पुस्तक लिहिलं होतं. शंका घ्यायची म्हणून घेणाऱ्यांचं अनुकरण मी केलं नाही, असं त्यात तो सांगतो. माती आणि वाळू उपसायची ती खालचा खडक लागावा म्हणून. त्याच पुस्तकात तो असंही बजावतो की आपली सगळी मतं टाकून देण्याचा हा निश्चय प्रत्येकानं गिरवावा असा नाही. घर पाडून नवं बांधायला काढलं तर तोवर राहायला दुसरी जागा लागते, म्हणून त्यानं तात्पुरते नियम करून घेतले. देशाचे कायदे आणि रीतिरिवाज पाळायचे, मतांमध्ये टोक गाठायचं नाही, आणि एकदा पाऊल उचललं की डगमगायचं नाही. जंगलात वाट चुकलेल्या माणसानं कधी इकडे कधी तिकडे भरकटू नये, एक दिशा धरून सरळ चालावं. हवं तिथे पोचला नाही, तरी जंगलातून बाहेर तर पडेल.

म्हणजे ज्या माणसानं स्वतःला हात आहेत की नाहीत याचीही शंका घेतली, त्यानं व्यवहार थांबवला नाही. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत शंकेला जी हद्द घातली, ती मला इथे आठवते. शंका व्याघातापर्यंतच, म्हणजे ती आपल्याच वागण्याशी विसंगत होईपर्यंतच, असं ते म्हणतात. धूर आहे तिथे आग असेलच कशावरून, असं विचारणारा माणूस स्वयंपाकासाठी आगच पेटवत असेल, तर त्याची शंका त्याच्याच हातांनी खोडली जाते. औषधांवर मुळीच विश्वास नाही असं सांगणारा रात्री दोन वाजता मुलाला ताप चढला की दवाखान्याचंच दार वाजवतो. त्याला खोटा म्हणायची गरज नाही. ती त्याची शंका कधी नव्हतीच. ती चीड होती, आणि चिडीला वेगळं औषध लागतं.

आता उरलेला अर्धा.

‘चिंतने’ हे पुस्तक आपल्यापुढे येतं ते सहा चिंतनांचं. एकटा माणूस, खोली, शेकोटी, शंका, खात्री. पण १६४१ साली वाचकाच्या हातात जे पुस्तक पडलं ते असं नव्हतंच. देकार्त तेव्हा हॉलंडमध्ये राहत होता. त्यानं हस्तलिखित आधी एका डच धर्मोपदेशकाला, कातेरुसला, वाचायला दिलं. मग ते पॅरिसला मर्सेनकडे पाठवलं. मर्सेन हा धर्मसंघातला साधू, पण युरोपभरच्या विद्वानांच्या पत्रव्यवहाराचं टपालघरच म्हणावं असा माणूस. त्यानं ते टॉमस हॉब्जला दिलं, आंत्वान आर्नोला दिलं, प्येर गासांदीला दिलं, आणखी काही धर्मशास्त्र्यांना आणि गणितज्ञांना दाखवलं. त्यांचे आक्षेप देकार्तकडे आले. त्यानं एकेकाला उत्तर लिहिलं. आणि हे आक्षेप आणि उत्तरं सगळी मूळ पुस्तकाबरोबर, एकाच बांधणीत छापली गेली. पहिल्या आवृत्तीत आक्षेपांचे सहा संच होते. पुढच्या वर्षी ॲम्स्टरडॅमच्या आवृत्तीत सातवा आला. चिंतनांपेक्षा या वादाची पानं कितीतरी जास्त आहेत.

आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष असतो. प्रतिपक्षाचं म्हणणं आधी मांडायचं आणि मग त्याला उत्तर द्यायचं, ही फार मोठी शिस्त आहे. पण पूर्वपक्ष लिहिणारा हात बहुतेक वेळा सिद्धांतीचाच असतो. इथे प्रतिपक्षानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या शब्दांत, कधी स्वतःच्या फटकळपणासकट लिहिलंय. गासांदी देकार्तला ‘हे मना’ अशी हाक मारतो, आणि देकार्त चिडून त्याला ‘हे देहा’ असं उलट म्हणतो. तेही छापलं गेलं. देकार्त काही संत नव्हता. आक्षेप घेणाऱ्यांवर तो रुसायचा, काहींना त्यानं तुच्छतेनं उत्तरं दिली. तरीही त्यानं दार उघडं ठेवलं होतं.

त्या दारातून आर्नो आत आला. वय तिशीच्या आत. त्यानं सगळ्या इमारतीतली सर्वांत मोठी भेग दाखवली. देकार्तचं म्हणणं असं होतं की ‘मी आहे’ या खात्रीपलीकडे जायचं तर आपल्याला स्पष्ट आणि स्वच्छ दिसणाऱ्या गोष्टी खऱ्याच असतात, अशी हमी हवी. ती हमी देव देतो, कारण देव फसवणारा नाही. आर्नोनं नम्रपणे विचारलं, देव आहे हे आपल्याला कशावरून कळतं? ते स्पष्ट आणि स्वच्छ दिसतं म्हणूनच ना? मग हमी देणाऱ्याला हमी कोणाची? देकार्तनं उत्तर दिलं आहे. ते पुरेसं आहे की नाही यावर विद्वान आजही भांडतात. मी स्वतः ते पुरेसं मानत नाही. पण मला त्या भेगेपेक्षा ती कुठे छापलीय याचं अप्रूप वाटतं. आपल्या पुस्तकावरचा सर्वांत जिव्हारी लागणारा आक्षेप देकार्तनं त्याच पुस्तकाच्या पोटात ठेवून जगापुढे मांडला.

नाना ज्या पत्राकडे वीस तास बघत होते, त्यातही हीच भेग होती. पत्राची हमी क्रमांक देतो आणि क्रमांकाची हमी पत्र देतं. खोलीत एकटं बसलेल्या माणसाला ते वर्तुळ दिसत नाही, मग तो नाना असो नाहीतर देकार्त. देकार्तला आर्नो भेटला. नानांना आर्नो भेटू नये एवढाच त्या भामट्यांचा बंदोबस्त होता. गणवेश, राजमुद्रा, शिक्का हा सगळा देखावा नंतरचा.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. सर्वस्वी एकट्याच्या शंकेतून एकट्याला मिळते ती खात्री ‘मी आहे’ एवढीच. ती खरी आहे, तिला कोणी हात लावू शकत नाही, आणि तिच्या बळावर मुदतठेव वाचवता येत नाही, लस घ्यायची की नाही ते ठरत नाही, धरण कुठे बांधावं ते कळत नाही. त्याहून मोठी कुठलीही खात्री हवी असेल तर आपली शंका आणि आपलं उत्तर, दोन्ही दुसऱ्याच्या हातात तपासायला द्यावी लागतात. बुद्धिवादी तत्त्वज्ञानावर नेहमी आरोप होतो की त्यानं माणसाला त्याच्या डोक्यात कोंडलं. स्पिनोझानं भूमितीसारख्या सिद्धांतांची माळ ओवली, लायब्निझनं तर वाद झाला की ‘चला, गणित मांडू’ म्हणून बसायचं स्वप्न पाहिलं. आरोपात तथ्य आहे. पण या माणसांनी आयुष्यभर जी पत्रं लिहिली, ती वाचली की दुसरंच चित्र दिसतं.

देकार्तला आलेल्या पत्रांतलं मला सर्वांत प्रिय पत्र १६४३ च्या मे महिन्यातलं आहे. लिहिणारी बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ, वय चोवीस, राज्य गमावलेल्या घराण्यातली, हेगमध्ये आश्रयाला राहणारी. तिनं विचारलं की आत्मा जर निव्वळ विचार करणारा आहे, त्याला लांबी-रुंदी नाही, तर तो देह हलवतो कसा? ढकलायला स्पर्श लागतो आणि स्पर्शाला विस्तार लागतो. देकार्तनं जडपणाचा दाखला देऊन उत्तर दिलं. तिला ते पटलं नाही, आणि तिनं तसं सरळ लिहिलं. अमूर्त वस्तू देहाला हलवते हे मानण्यापेक्षा आत्म्यालाच विस्तार आहे असं मानणं मला सोपं वाटतं, असं ती म्हणाली. पुढची काही वर्षं हा पत्रव्यवहार चालू राहिला. ती त्याची विद्यार्थिनी म्हणून ओळखली जाते, पण पत्रं वाचताना शिकवणारी कोण असा प्रश्न पडतो. तिचा तो पहिला प्रश्न अजून सुटलेला नाही.

आणि जिथे देकार्तनं ऐकलं नाही, तिथे काय झालं तेही सांगायला हवं. विल्यम हार्वी या इंग्रज वैद्यानं १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केलं. देकार्तला अभिसरण मान्य होतं, पण हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतं हे त्याला मान्य नव्हतं. त्याच्या मते हृदय एक भट्टी होतं. रक्ताचा थेंब आत आला की तापून फुगतो आणि बाहेर उसळतो. त्याच्या एकूण मांडणीतून हे इतकं स्वच्छ निघत होतं की १६३९ मध्ये त्यानं मर्सेनला लिहून टाकलं, याबाबतीत मी चुकलो असेन तर माझं बाकीचं तत्त्वज्ञानही कवडीमोल समजा. तो चुकला होता. हार्वीनं कापलेली हृदयं पाहिली होती, हाताखाली घट्ट होणारा स्नायू त्याला लागला होता. स्वतःच्या हातांबद्दलही शंका घेणारा माणूस भट्टीबद्दल शंका घ्यायला विसरला. खात्रीच्या शोधातला हाच खरा धोका आहे. जे आपल्या मांडणीत चपखल बसतं, त्याचीच शंका येत नाही.

यावर माझे काही सुजाण मित्र म्हणतात की मग सामान्य माणसानं शंका घेण्याच्या भानगडीत पडूच नये. तज्ज्ञ आहेत, संस्था आहेत, त्यांच्यावर सोडावं. शंका घ्यायला सांगितलं की माणसं अफवांच्याच नादी लागतात, हा अनुभव आहे. त्यांची काळजी मला कळते, पण उपाय पटत नाही. ‘शंका घेऊ नका’ म्हटल्यानं शंका जात नाही. ती खोलीत जाते, दार लावून घेते, आणि तिथे मोबाइलच्या पडद्याशिवाय तिच्याशी बोलायला कोणी नसतं. २०२१ मध्ये लसीकरण चालू असताना आमच्या वस्तीत मी हे पाहिलंय. ‘लस पूर्णपणे सुरक्षित आहे’ असे फलक लागले होते, त्यांनी कोणाचं समाधान झालं नाही. आमच्या आशाताई मात्र ओट्यावर बसून बायकांना पहिल्यांदा काय सांगायच्या? “मला एक दिवस ताप होता. दंड दुखला. दुसऱ्या दिवशी कामावर गेले.” मग बायका विचारायच्या, पाळी चालू असताना घेतली तर चालेल का, अंगावर पाजत असेन तर? ताई जेवढं माहीत तेवढं सांगायच्या, उरलेलं वहीत लिहून घ्यायच्या आणि डॉक्टरांना विचारून परत यायच्या. परत यायच्या, हे महत्त्वाचं. त्या ओट्यावर शंकेला घर मिळालं होतं.

म्हणून माझी मागणी शंका घेणाऱ्यांकडे आहे तशीच निर्णय घेणाऱ्यांकडेही आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातलं कलम ४ सांगतं की प्रशासकीय निर्णयांची कारणं त्या निर्णयांची झळ बसणाऱ्यांना द्यावीत. कोणी अर्ज करायची वाट न बघता. मोठ्या प्रकल्पांसाठी पर्यावरणविषयक २००६ च्या अधिसूचनेनं जनसुनावणी ठेवली आहे, आणि तिथे आलेल्या हरकतींची दखल पर्यावरण अहवालात घ्यावी असं सांगितलं आहे. म्हणजे १६४१ च्या त्या पुस्तकाची रचना आपल्या कायद्यात आहे. निर्णय, त्यावरचे आक्षेप, आणि आक्षेपांची उत्तरं एकाच बांधणीत. प्रत्यक्षात मी ज्या सुनावणीला बसले होते तिथे माणसं मांडवात उभी राहून बोलली, कोणीतरी लिहून घेतलं, आणि आपल्या म्हणण्याचं पुढे काय झालं हे गावाला कळलं नाही. उत्तर ‘नाही’ असतं तरी चाललं असतं. गावातल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं, “आमचं चुकत असंल तर तसं सांगा की. पर सांगा.” ज्याला उत्तर मिळत नाही तो आपली शंका घेऊन दुसऱ्या दारात जातो, आणि तिथे उत्तर द्यायला तयार असलेले लोक नेहमी चांगले असतात असं नाही.

शंका घेणाराही काही देणं लागतो. आता मी वर्गात प्रत्येक शंकेबरोबर एकच गोष्ट विचारते. काय दाखवलं तर तुझी शंका फिटेल? तो चिडलेला मुलगा या प्रश्नावर बराच वेळ गप्प बसला. दोन दिवसांनी तो स्टाफरूममध्ये आला आणि म्हणाला, “डॉक्टर विकलेले नाहीत हे मला पटेल, जर आजीच्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते कोणीतरी समजावून सांगितलं तर.” त्याची खरी शंका एवढीच होती. तिचं उत्तर मिळू शकत होतं. आम्ही ओळखीच्या एका डॉक्टर बाईंकडे ती फाइल नेली. त्यांनी पाऊण तास पानन् पान समजावलं. आजीच्या उपचारात एक दिरंगाई झाली होती हेही त्यांनी लपवलं नाही. मुलगा रडला. पण सगळे विकलेले आहेत, हे वाक्य त्यानंतर मी त्याच्या तोंडून ऐकलं नाही.

दुसऱ्या चिंतनात मेणाचा एक प्रसंग आहे. देकार्त पोळ्यातून नुकताच काढलेला मेणाचा तुकडा हातात घेतो. मधाची चव अजून पुरती गेलेली नाही, फुलांचा वास आहे, कडक आहे, गार आहे, टिचकी मारली तर आवाज येतो. तो आगीजवळ नेतो. चव जाते, वास उडतो, रंग बदलतो, आकार मोडतो, पातळ होतं, हात लावता येत नाही, आवाज येत नाही. इंद्रियांना जे जे कळलं होतं ते सगळं गेलं, तरी आपण म्हणतो की मेण तेच आहे. तर मग ‘तेच’ हे कळलं कशानं? देकार्त म्हणतो, बुद्धीनं.

यंदा मी महाबळेश्वरकडून आणवलेलं खरं मेण वर्गात नेलं. पिवळसर तपकिरी तुकडा, एका कडेला पोळ्याच्या कप्प्यांची नक्षी अजून शिल्लक. बाकांवरून फिरवला. सगळ्यांनी हुंगला, एकीनं जीभही लावली. मग स्टीलच्या वाटीत घालून मेणबत्तीवर धरला. कडा आधी चकाकल्या, मग तुकडा आपल्याच पाण्यात बसला, आणि वाटीत नुसतं सोनेरी तेल राहिलं. मधाचा वास काही क्षण वर्गभर झाला आणि गेला. मुलं गप्प होती. मी देकार्तचा प्रश्न विचारला, आणि उत्तराकडे न्यायला लागले.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती फारशी बोलत नाही. “मॅडम, मेण तेच आहे हे कळलं, कारण आपण सगळे सारखे वाटीकडे बघत होतो. मधे दिवे गेले असते आणि कोणी वाटी बदलली असती, तर बुद्धीला कळलं असतं का?”

मी उत्तर शोधत राहिले. गासांदीनं मेणावर जे आक्षेप घेतले होते ते मला पाठ आहेत, पण हा मी या शब्दांत कधी ऐकला नव्हता. तासाची घंटा झाली. मी तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिला, शेजारी तिचं नाव लिहिलं, आणि पुढच्या तासाच्या शिक्षकांसाठी खाली लिहून आले, ‘कृपया पुसू नये.’